फरशी कोरडी होती

उत्तम, तुला अंगणात ठेवलं तेव्हा सगळे तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मी पायांकडे. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. महिन्यापूर्वी कालव्याच्या भरावावर ठेच लागली होती, तेव्हाचं. तू म्हणाला होतास, खालून नवं यायलंय, हे आपोआप पडेल. मला त्या वेळी एवढंच वाटलं की हे आता पडायचं राहिलं. दुसरं काही वाटलं नाही. मग कुणीतरी चादर पायांवर ओढली आणि मी बाजूला झालो.

आज सोळा दिवस झाले. मी शाळेत जातो, हजेरी घेतो, सातवीला नकाशा शिकवतो. जेवतो. चहा गार झालेला असला तरी संपवतो, कारण गार झालाय हे कप खाली ठेवल्यावर लक्षात येतं. गावात म्हणतात, मास्तरनं लय धीर धरला. धीर कसला डोंबलाचा. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग आपण आपल्याच गालाला हात लावून बघतो आणि तो परक्याचा लागतो, तसं चाललंय माझं. दुखणं निघालेलं आहे हे ठाऊक आहे. अजून पोचलेलं नाही.

तुझ्या डेपोतल्या मंडळींनी एक पान लिहून मागितलं, ते दिलं. जन्म, शिक्षण, कंडक्टर म्हणून लागलास ते साल, परभणी-गंगाखेड गाडीवरची तुझी नोकरी, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ लिहिलंय, माफ कर. टपावर चढण्यावरून अर्ध्या तालुक्याशी भांडलेला माणूस तू, पण गेलेल्या माणसाला मनमिळाऊ लिहायची पद्धत आहे. तो एक शब्द सोडला तर त्या पानात काहीच खोटं नाही आणि त्यात तू कुठंच नाहीस. म्हणून हे दुसरं लिहितोय. यात फक्त बुटांचं आहे. कोणत्या बुटांचं ते तुला कळलं असेल, आणि इतक्या उशिरा का, हेही कळलं असेल.

आपण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. खेळाच्या सरांनी कपाटातून खोकं काढलं आणि आपल्या दोघांपुढं उघडलं. करड्या रंगाचे बूट, हलके, आणि तळाला बोटाच्या पेराएवढे रबरी दात. रानावनातून पळायचे बूट. तोवर तू अनवाणी पळायचास आणि मी अंगठा बाहेर आलेल्या कॅनव्हासच्या बुटांत. सर म्हणाले, कॉलेजला एकच जोड आलाय, क्रॉसकंट्रीला पंधरा दिवस आहेत, गावाकडं घेऊन जा आणि ज्याला बसतील त्यानं घाला. पण शर्यतीत घालायच्या आधी सगळ्या जमिनीवर पळून बघा. नव्या बुटावर लगेच भरवसा ठेवायचा नसतो, आधी त्याला सगळी जमीन दाखवायची असते, असं ते म्हणाले. शेवटचं वळण कॉलेजच्या आवारात फरशीवर आहे हेही त्यांनी बजावून सांगितलं होतं. ते मी आजवर सोयीनं विसरत आलो.

मला ते अंगठ्यात दाबत होते. तुला बसले. तू दोन पावलं टाकलीस आणि पहिल्यांदा खुरांना पत्री मारलेला बैल पाय उचलतो तसे पाय उचलायला लागलास. मी हसून लोळलो. तूही हसलास, आणि म्हणालास, "माधवा, खाली काय हाय तेच कळंना झालंय. जमीनच गायब झाली की रे." पळणाऱ्या माणसाला जमीन कळावी लागते, हे मला तेव्हा तुझ्याकडून कळलं. मी तुझ्यापेक्षा हळू का पळायचो याचं कारणही बहुधा तेच होतं.

रविवारी सकाळी आपण निघालो. तू पळायचास आणि मी चपला फटफटवत मागून वही घेऊन, कारण सरांना लेखी द्यायचं होतं. मास्तरकीची खोड मला तेव्हापासूनच. कालव्याला अजून पाणी आलेलं नव्हतं, नुसता मुरमाचा भराव होता. मी लिहिलं: मुरूम, उत्तम धरतात. तू म्हणालास, ते तुझं विशेषण आहे की माझं नाव. मग गावाखालच्या गंगेची वाळू: आत शिरते, जड होतात. मग भिजवलेल्या गव्हाच्या कडेची काळी माती, जिथं दहा पावलांत एकेका पायाला शेर-शेर चिखल धरला आणि तू बाभळीच्या काटकीनं दातांतून तो कोरत बसलास. मी लिहिलं: काळ्या मातीत दात भरतात, सपाट पायानं पळावं. ती सकाळ फार चांगली होती. तशी सकाळ मला नंतर आठवत नाही.

मग फरशी राहिली. आपल्या गावात फरशी एकाच ठिकाणी, वेशीपासून पारापर्यंतच्या गल्लीत. निजामाच्या अमदानीत घातलेली शहाबादी, पायांनी घासून गुळगुळीत झालेली. तू म्हणालास, चल, तेवढं बघून टाकू. मी हो म्हणालो. वेशीपर्यंत मी काहीच विचार केला नव्हता.

वेशीत आलो आणि पारावर दादा दिसले.

माझे वडील तुला सांगायला नकोत. पण हे मला स्वतःला नीट सांगायचं आहे. विद्यापीठाच्या नावावरून झालेल्या जाळपोळीच्या त्या वर्षाला दोन हिवाळे उलटले होते. आपल्या गावात एकही घर जळलं नाही, याचा गाव मोठेपणा सांगायचा, अजून सांगतो. पण तुमच्या वस्तीचं दळण दीड महिना गिरणीनं घेतलं नाही, आणि ती गिरणी आमची होती. तुझी आई पहाटे उठून जात्यावर बसायची आणि त्या जात्याचा आवाज मला घरात ऐकू यायचा. तुमच्यातली म्हातारी माणसं वेशीत आली की चपला हातात घ्यायची. तरणी पोरं चपला काढायची नाहीत आणि गल्लीतूनही यायची नाहीत, बाभळीच्या वाटेनं गावाला वळसा घालून जायची. असं कुणी ठरवलं नव्हतं. ते चाललं होतं.

तू बुटाची नाडी आवळत होतास. मी म्हणालो, "उत्तम, बूट काढून घे."

"का?"

"गल्लीत पाणी हाय. कॉलेजचे बूट हाएत, सरांना कोरडे द्यायचेत."

तू गल्लीकडं पाहिलंस. कुणीतरी फरशीवर तुरीची डाळ वाळत घातली होती. अर्धी गल्ली पिवळी झाली होती, आणि उन्हात एक कोंबडी तिच्या कडेनं टोचत फिरत होती. तू डाळीकडं पाहिलंस, मग पाराकडं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त वेळ. मग खाली बसलास, नाड्या सोडल्यास आणि बूट हातात घेतलेस. मी पायांत चपला घालून तुझ्यामागून चालत राहिलो.

पाराजवळ दादांनीच विचारलं, "बूट हातात का रे?" विचारलं तुला, उत्तर मी दिलं. नवे हाएत, कॉलेजचे हाएत, ओले होऊ द्यायचे न्हाईत, जपायला लागतात. दादा म्हणाले, "पायातलं हातात घेतलंस, उद्या डोक्यावर घेशील," आणि पारावरचे चौघंपाच जण हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. तूही थोडा हसलास. तू हसलास म्हणून मी कितीतरी वर्षं समजत होतो की तुलाही ती गंमतच वाटली.

घरी येऊन मी वही पुरी केली. फरशीपुढं लिहिलं: ठीक. सरांनी वाचलं, मान हलवली आणि बूट तुला देऊन टाकले.

शर्यतीत तू आवारात शिरलास तेव्हा दुसरा होतास आणि पहिल्याच्या पाठीला लागला होतास. पहिल्या दोघांना विद्यापीठाच्या संघात घेणार होते. मी दोरीपाशी उभा होतो. तू फरशीवर वळलास आणि तुझा मागचा पाय सटकला. गुडघा फुटला. उठलास, पळालास, तोवर एक जण पुढं गेला होता. तिसरा. मी रुमाल बांधत होतो आणि तू माझ्याकडं न बघता म्हणालास, "बरं झालं. छातीवर त्यांनी जुनंच नाव छापलं असतं." सगळे हसले. मीही हसलो, आणि रुमालाची गाठ दोनदा चुकली.

त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. वहीतलं 'ठीक' खोटं आहे, फरशीवर आपण पळालोच नाही, एवढं सरांना सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी काय केलं? मी विनोद केला. गावात कुणीतरी विचारलं की उत्तम कसा काय हरला, तर मी म्हणालो, बूट हातात घेऊन पळाला असता तर पहिला आला असता. तो विनोद इतका चालला की विचारू नको. गावभर झाला. कॉलेजात गेला. तुझ्या लग्नात मी सांगितला, कौशल्यावहिनींच्या माहेरची माणसं पोट धरून हसली. तुझ्या गाडीत ड्रायव्हरला सांगितला. शाळेत शिक्षकांच्या खोलीत नवीन माणूस आला की सांगितला. प्रत्येक वेळी त्यात एक जपणारा, साधाभोळा उत्तम असायचा, नव्या वस्तूला हात लावायला भिणारा. तू तसा नव्हतास. नवा सदरा घालून तू गाडीखाली शिरून टायर बघायचास.

तू कधी तो विनोद मोडला नाहीस. फक्त वर्षातून एकदा तरी आपला वाद व्हायचा. मी म्हणायचो, रबर खराब होतं, कंपनीनं फसवलं. तू म्हणायचास, "रबराचं काय चुकलं माधवा? बघून घेतलं असतं तर कळलं असतं." आणि गप्प बसायचास. मला जागा करून दिल्यासारखा गप्प बसायचास, हे आता कळतं. तेव्हा मी त्या जागेत पाऊसपाणी, बदल्या, पोरांचे निकाल असलं काहीबाही आणून टाकायचो.

आणि तू त्या गल्लीतून परत कधी आला नाहीस. हेही मी पाहिलं नाही असं नाही. माझी आई अंथरुणाला खिळली ते वर्ष आठव. तिची औषधं फक्त परभणीत मिळायची आणि तू ती रोजच्या गाडीनं आणायचास. फाट्यावर उतरून, बाभळीच्या वाटेनं पूर्ण वळसा घालून, परसदारानं. पावसाळ्यातसुद्धा. आई तुझ्या पावलांचा आवाज ओळखायची आणि म्हणायची, आला बघ माझा डॉक्टर. तू तिच्या उशापाशी बसून तिला गाडीतली भांडणं सांगायचास आणि ती हसताना खोकायची. तिला शेवटचं हसवलंस ते तूच. मी तिचा मुलगा, मी नुसती गोळ्यांची वेळ बघायचो. तुझे उपकार म्हणू का? तू चिडशील. पण दुसरा शब्द मला येत नाही.

एकदा मी तुला म्हणालो, गल्लीतून ये की, अर्धं अंतर वाचेल. तू म्हणालास, "ह्या वाटेनं पायाला बरं हाय." मी ते पळणाऱ्याचं बोलणं समजलो. समजलो, कारण तसं समजलेलं मला बरं पडत होतं.

आपला शेवटचा वाद या महिन्यातला. विद्यापीठाला नाव मिळालं, तू पेढे घेऊन शाळेत आलास. पोरांना वाटलेस, शिपायाला दोन दिलेस. मी म्हणालो, झालं एकदाचं, जुनं नावही राहिलं, नवंही आलं, सगळ्यांचं समाधान झालं. तू पेढ्याचं खोकं बंद करत म्हणालास, "तुझं समाधान लय लवकर होतं, माधवा." मी म्हणालो, मग काय वाद घालत बसायचं का जन्मभर? तू घड्याळ पाहिलंस, साडेतीनची गाडी होती तुझी. म्हणालास, घालू की, रविवारी, कालव्यावर. तो रविवार आला, पण त्याच्या आदल्या दिवशी पहाटे तू एकटाच कालव्यावर गेलास आणि दूध घालायला जाणाऱ्या माणसाला भरावावर आडवा सापडलास. डॉक्टर म्हणाले, छाती. चौतिसाव्या वर्षी, आणि तुझी.

जलदानविधीला सगळी वस्ती होती, डेपोतले लोक होते, पांढऱ्या कपड्यांत सगळं अंगण भरलं होतं. वंदना झाली. मग आठवणी सांगायची वेळ आली आणि तुझा ड्रायव्हर म्हणाला, मास्तर, ती बुटांची सांगा. मी उभा राहिलो. ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं की आज सांगायचं. आणि माझ्या तोंडातून तोच विनोद जसाच्या तसा बाहेर पडला, रोज म्हटलेली प्रार्थना पडते तसा. लोक डोळे पुसता पुसता हसले. तुझी आई हसली. कौशल्यावहिनींनी पदर तोंडाला लावला. मी खाली बसलो आणि मला काहीच वाटलं नाही. लाजही नाही. लाज वाटत नाही याची थोडी भीती वाटली, तीही गेली.

तुझी सुजाता मात्र हसली नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती. बाराव्या वर्षी बापाची एकेक गोष्ट साठवून ठेवायची असते, ती तसं करत असावी.

परवा ती खोकं घेऊन घरी आली, परसदारानं. तू जाण्याच्या आदल्या आठवड्यात परभणीहून तिच्यासाठी आणलेले बूट. दातांचे, करडे. तिच्या जिल्ह्याच्या शर्यतीसाठी. नाड्यासुद्धा ओवलेल्या नव्हत्या. ती म्हणाली, बाबांनी सांगितलं होतं, आधी सगळ्या जमिनीवर पळून बघायचं, आणि माधवकाकाला बरोबर घ्यायचं, त्याला लिहून घेता येतं. लिहून घेता येतं, असं तू म्हणालास. मी तिला म्हणालो, रविवारी जाऊ.

काल गेलो. कालव्याला आता पाणी असतं, तुला माहीतच आहे. भरावावर ती पळाली, मी वही घेऊन मागं. तू पडलास त्या जागेवरून ती पळाली की नाही मला माहीत नाही. मला जागा नक्की ठाऊक नाही आणि मी विचारलेली नाही. वाळूत ती तुझ्यासारखीच शिव्या घालत पळते, फक्त शिव्या साध्या आहेत. काळ्या मातीतून बाहेर येऊन ती काटकीनं दात कोरत बसली. तुझं बसणं. मी वहीत लिहीत होतो आणि पेन्सिलीचं टोक मोडलं, ते दातांनी तासत बसलो.

मग ती म्हणाली, "आता फरशी राहिली, काका."

वेशीत आलो. पारावर दादा बसले होते, हल्ली एकटेच असतात. मोतीबिंदूनं त्यांना माणूस जवळ आल्याशिवाय ओळखू येत नाही. गल्ली रिकामी, कोरडी. सुजाता वेशीच्या दगडाशी थांबली, खाली वाकली आणि तिनं नाडीला हात घातला. मला वाटलं, आवळतेय. ती सोडत होती.

मी विचारलं, काय करतेस.

"नवे बूट हितं काढायचे ना काका? बाबांनी काढले होते."

उत्तम, मी चौदा वर्षं जे सांगत फिरलो ते तिनं इतकं नीट ऐकलं होतं. तुमच्या म्हाताऱ्यांची सवय तुझ्या पिढीनं मोडली होती, आणि मी ती विनोदात गुंडाळून तुझ्या पोरीच्या हातात परत दिली होती. कुणी तिला भीती घातली नव्हती. तिला तो बापाचा रिवाज वाटला होता.

मी म्हणालो, "नको काढू. तुझ्या बाबांनी जपायला काढले नव्हते. मी काढायला लावले. पाणी हाय म्हणून सांगितलं. फरशी कोरडी होती."

ती वाकलेलीच राहिली. मग विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"डाळ वाळत घातलेली दिसत होती त्याला."

"मग शर्यतीत घसरले ते?"

मी हो म्हणालो. वहीत खोटं लिहिलं होतं, हेही सांगितलं. आजवर मनात मी स्वतःला एक सांगत आलो होतो की तुझ्या जिवाला धोका नको म्हणून मी ते केलं, दिवस तसे होते. तेसुद्धा तिला सांगायला तोंड उघडलं आणि सांगता आलं नाही. तुझ्या जिवाला त्या दिवशी काही होणार नव्हतं. दादा मला काहीतरी बोलले असते, कदाचित चार दिवस बोलले नसते. मी त्याला भ्यालो होतो. तेवढंच कारण होतं.

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. दोन्ही नाड्या पुन्हा बांधल्या, दुहेरी गाठ मारली, आणि गल्लीत पळत सुटली. रबरी दातांचा फरशीवर आवाज होतो, फटाफट, मला ठाऊकच नव्हतं. ती पारावरून पुढं गेली, वळली, दिसेनाशी झाली.

मी चपला काढल्या आणि हातात घेऊन चालायला लागलो. नाटक करायचं म्हणून नाही. पायांत घालून तिच्यामागून जाववेना. फरशी गार लागली. एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा काही लागलं. तळव्यातून गार चढत गेलं आणि मला मध्येच थांबावं लागलं, हात भिंतीला टेकवून. त्या दिवशी तुलाही गार लागलं असेल, बूट काढल्यावर तळवे घामेजलेले असतात. मी कधी विचारलं नाही.

पाराजवळ दादांनी डोळे बारीक केले. "माधव? चप्पल हातात का रे? तुटली का?"

"न्हाई. उत्तमला त्या दिवशी बूट मी काढायला लावले होते, दादा. तुमी हितं बसला होता म्हणून."

मला वाटलं, दादांना ऐकू गेलं नाही. मग काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "तवा माझे डोळे चांगले होते. डाळ वाळायली होती की फरशीवर." आणि पुढं, "तू मला भ्यालास. मला बरं वाटलं होतं."

म्हणजे पारावर कुणालाच ते खोटं पटलं नव्हतं. दादांना नाही, तुला नाही, मला तर नाहीच. तरी आपण सगळे हसलो. मी त्यांच्याशेजारी टेकलो नाही, उभाच राहिलो. त्यांच्यावर रागवावं असं वाटलं, पण ते म्हातारे झालेत आणि राग अजून माझ्यापर्यंत आलेला नाही. येईल बहुतेक. रडणंही येईल. रुमाल ठेवतोय खिशात.

सुजाता परत आली, धापा टाकत. माझ्या अनवाणी पायांकडं तिनं एकदा पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल आणि ते ऐकायला मी तयार होतो. ती म्हणाली, "लिहून घ्या. सरळ जाताना चांगलं धरत्यात. वळताना मागचा पाय सरकायलाय. तिथं जोर कमी करावा लागंल."

मी चपला खाली ठेवल्या, वही काढली आणि फरशीपुढं तिनं सांगितलं तेच, तसंच लिहिलं. वळताना मागचा पाय सरकतो. उत्तम, तुला त्या सकाळी एवढंच कळायचं होतं.